आता मला कुणी भरू नका

मी बाटली बोलतेय. दाराजवळच्या पोत्यात जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली उलटी पडलेली आहे, त्यामुळे आवाज जरा घोगरा येईल, सांभाळून घ्या. माझं झाकण कुठे गेलं ते मला ठाऊक नाही. कमरेत मी वाकले आहे, आणि एक कूस तर पार आत गेली आहे. पाहिलंत तर हसाल. हसा खुशाल. मला आता कशाचंच काही वाटेनासं झालं आहे.

खरं सांगायचं तर मी फार थकले आहे. आमच्या जातीला एवढं आयुष्य नसतंच मुळी. एकदा भरायचं, एकदा रिकामं व्हायचं आणि निघून जायचं. माझ्या अंगावरच्या कागदावर तसं छापलेलंही होतं: 'एकदाच वापरा. वापरून झाल्यावर चुरगळून टाका.' तो कागद पहिल्या महिन्यातच निघून गेला, आणि त्याच्याबरोबर माझी सुटका होण्याची आशाही गेली. पुढे तीन वर्षं आणि वर काही महिने मी राबले. माझ्यावर कुणी जुलूम केला असं नाही हं. उलट मला जपलं. त्या जपण्यानेच जीव नको केला माझा.

जन्माची गोष्ट थोडक्यात सांगते. आधी मी बोटभर लांबीची जाड नळी होते, बूड बंद आणि गळ्याला आटे. मग मला तापवलं, साच्यात धरलं आणि आतून जोरात हवा फुंकली. डोळ्याचं पातं लवायच्या आत मी फुगून बाटली झाले. माझं अंग एवढं पातळ आहे ते असं ताणून फुगवलेलं आहे म्हणून. आणि म्हणूनच जास्त ऊब लागली की ते परत आखडायला बघतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

माझ्या पोटात संत्र्याचं गोड सरबत भरलं आणि खोक्यांबरोबर मी एका दुकानात आले. दुकानदाराने आमची चळत दुकानाबाहेर फुटपाथवर रचली. आत जागा नव्हती, शिवाय लोकांना रंग दिसले की तहान लागते, असं तो म्हणायचा. चार-पाच दिवस आम्ही उन्हात उभ्या होतो. त्या दिवसांत मला पहिल्यांदा जाणवलं की ऊन चढलं की माझ्या अंगातलं काहीतरी सुटतं आणि पोटातल्या सरबतात उतरतं. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेलाही सहसा कळत नाही. फार थोडं असतं, पण असतं. कुणाला सांगणार? बाटलीला कोण विचारतं?

दुकानासमोर बसथांबा होता. एका दुपारी तिथून एक वयस्कर गृहस्थ रस्ता ओलांडून आले. अंगाने किडकिडीत. गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली, काढायचं भान नसावं. त्यांच्यामागे त्यांची मुलगी होती, लग्न झालेली, पंचविशीतली. ती पलीकडच्या इस्पितळातून बाहेर आली होती, हातात औषधांची पिशवी, नजर जमिनीवर. पुढे घरातल्या बोलण्यातून मला कळलं की तिचं पोटातलं बाळ चौथ्या महिन्यात गेलं होतं आणि दोन दिवस ती कुणाशी बोलली नव्हती.

"संत्र्याचं आहे," ते म्हणाले. "लहानपणी याच्यासाठी भर रस्त्यात लोळण घ्यायचीस."

 त्यांनी दोन बाटल्या घेतल्या, एक मी आणि एक माझी शेजारीण. मग बाकावर बसून खिशातून हिरव्या दोऱ्याचं रीळ काढलं. ते शिंपी होते, रीळ त्यांच्या खिशात सदाच असायचं. माझ्या गळ्याभोवती त्यांनी दोरा तीनदा गुंडाळला, बोटांची काहीतरी चलाखी करून गाठ मारली आणि उरलेला दातांनी तोडला.

"हिरवा दोरा ती तुझी. माझी कुठली आणि तुझी कुठली, यावरून आता भांडायचं नाही. वकील आणलास तरी मी ऐकणार नाही."

तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. तेवढंच. पण त्या माणसाचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, माझा जन्म सार्थकी लागला. ती घोट घोट करत सगळं सरबत प्यायली. बस आली. वडिलांनी आपली रिकामी बाटली हाताने चुरगळली आणि थांब्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. मुलीने मला पिशवीत घातलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी ते गेले, झोपेतच. मग मला टाकणं तिला कसं जमावं?

ती एका शिवणकामाच्या कारखान्यात कामाला होती. तेरा मशिनं, एक लांबलचक कापायचं टेबल, छताला घरघरणारे पंखे आणि सगळीकडे कापडाचे बारीक तंतू उडत असलेले. तिथे नावाने कुणी कुणाला हाक मारत नसे, कामाने मारत. ती दिवसभर फक्त कॉलर शिवायची म्हणून कॉलरवाली. तिच्या शेजारची काजं करायची म्हणून काजवाली. आणि सगळ्यांवर एक कटिंग मास्तर, पोट सुटलेले, चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत फिरणारे.

मास्तरांचा एक नियम होता. कापडाजवळ उघडा कप किंवा पेला आणायचा नाही. पूर्वी कधीतरी कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागून चाळीस पांढऱ्या कोटांच्या कापलेल्या थरावर चहा सांडला होता. ती हकिगत मास्तर अशी सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातलं माणूसच गेलं. तेव्हापासून चहा झाकणाच्या बाटलीतच घ्यायचा असं ठरलं. आणि झाकणाची बाटली म्हणजे आम्हीच, सरबताच्या रिकाम्या बाटल्या. सकाळी अकराला आणि दुपारी चारला चहावाला किटली घेऊन यायचा, प्रत्येक बाटलीच्या तोंडाला नरसाळं लावायचा आणि वाफाळता चहा ओतून पुढे जायचा.

पहिल्या दिवशी तो चहा पोटात आला तेव्हा मी अंग चोरून घेतलं. किटली नाक्यावरून चालत येईपर्यंत जरा निवायची, म्हणून निभावलं. पण उन्हात जे हळूहळू सुटायचं ते आता भराभर सुटू लागलं. चहाचा रंग गडद, त्यात काय मिसळलं ते कुणाला दिसणार! माणसं फुंकर मारून प्यायची आणि म्हणायची, "वा, आज चहा झकास झालाय."

सगळ्या बाटल्या दिसायला सारख्या, त्यामुळे रोज गोंधळ व्हायचा. कुणाचा बिनसाखरेचा कुणी प्यायचं. माझ्या गळ्यातला हिरवा दोरा काजवालीने पाहिला आणि ती म्हणाली, "हे बरं आहे की! आपल्याकडे दोऱ्याला काय तोटा?" आठवड्याभरात प्रत्येक बाटलीच्या गळ्यात एकेक रंग आला, लाल, पिवळा, निळा. मास्तरांनी पांढरा घेतला. लोक खूश झाले. एका शिंप्याने लेकीला हसवायला बांधलेला दोरा आता चौदा बाटल्यांच्या गळ्यात पडला, आणि त्याने आमची नोकरी कायमची पक्की झाली.

मला धुण्याचीही एक तऱ्हा होती. माझ्या पोटात हात जात नाही, म्हणून कॉलरवाली त्यात खडे मीठ आणि थोडं पाणी घालून खळखळ हलवायची. ती स्वच्छतेची भोक्ती होती, तिला दोष कसा देऊ? पण प्रत्येक खळखळीसरशी माझ्या आतल्या अंगावर ओरखडे उठायचे. मी धुरकट झाले. तिला वाटायचं, बाटली जुनी झाली, मायेची झाली. मी मात्र आतून झिजत होते, आणि झिजलेलं कुठे जात होतं ते मला ठाऊक होतं.

त्यात ते दुसरं घडलं. वर्षभराने तिला पुन्हा दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा सगळं संपलं. ती चार दिवस कामावर आली नाही. मी खिडकीत उभी होते, तिच्या अंथरुणासमोर. ती माझ्याकडे बघत पडून असायची, म्हणजे दोऱ्याकडे. पहिल्याशी माझा काही संबंध नव्हता, तेव्हा मी तिच्या आयुष्यात आलेच नव्हते. दुसऱ्या वेळी मात्र मी होते. रोज दोनदा तिच्या ओठांशी होते. माझ्यामुळे झालं का? मला खरंच ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. पण तेव्हापासून चहा आला की नरसाळ्यापासून तोंड फिरवावंसं वाटायचं.

पुढच्या वर्षी तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिने कारखान्यात कुणाला सांगितलं नाही. काजवालीच्या नजरेतून मात्र काही सुटत नसे. तिने एक दिवस कॉलरवालीची खुर्ची पाहिली, मग मशीन पाहिलं आणि हळूच म्हणाली, "खुर्ची चार बोटं मागे सरकलीय गं तुझी. कितवा?"

"पाचवा लागला," कॉलरवाली म्हणाली. "कुणाला बोलू नकोस. या वेळी मला फार भीती वाटते."

काजवाली कुणाला बोलली नाही. फक्त दुपारपर्यंत सगळ्यांना कळलेलं होतं.

त्याच आठवड्यात कारखान्यात एक नर्सबाई आल्या. जवळच्या दवाखान्याचे पांढरे कोट आमच्याकडे शिवायला होते आणि त्या स्वतःचं माप द्यायला आल्या होत्या. उंच, ठसठशीत बोलणाऱ्या. मास्तर टेप लावून त्यांच्या खांद्याचं माप घेत होते, तेवढ्यात चहावाला आला. नरसाळं माझ्या तोंडाला लागलं.

"हे काय?" नर्सबाईंनी खांदा सोडवून घेतला. "कढत चहा, आणि यात?"

"कापड आहे ना बाई," मास्तर म्हणाले आणि चाळीस कोटांची हकिगत सांगायला सुरुवात करणार, तोच त्या कॉलरवालीसमोर येऊन उभ्या राहिल्या. तिच्या पोटाकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा.

"रोज यातूनच पितेस?"

"रोज दोनदा."

"बाटली किती जुनी?"

"तीन वर्षं होतील," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडा अभिमान होता.

मास्तर मध्ये पडले. "बाई, आम्ही सगळेच पितो. आम्हाला कुठे काय झालंय?"

"नसेलही झालं. एका घोटाने कुणी आडवं होत नाही, आणि मी तुम्हाला घाबरवायला आलेले नाही, कोटाचं माप द्यायला आले आहे. पण ही बाटली एकदा थंड पिण्यासाठी केलेली आहे. हिच्यात गरम ओतलं, ही उन्हात राहिली, आतून खरवडली की हिच्यातलं थोडं थोडं पिण्यात उतरतं. तुमचं अंग घडून झालंय, मास्तर. हिच्या पोटातलं अजून घडतंय. जे सहज टाळता येतं ते टाळावं, एवढंच माझं म्हणणं."

 कॉलरवालीने मला खाली ठेवलं. मग खालमानेने, फक्त नर्सबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "माझे मागचे दोन गेले. ते यानेच का?"

नर्सबाई तिच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. इतका वेळ त्यांच्या बोलण्यात होती ती धार गेली. "ते कुणी सांगू शकत नाही, बाळा. मीही नाही. त्याचं खापर या बाटलीवर फोडू नकोस, आणि स्वतःवर तर मुळीच फोडू नकोस. आता पुढचं बघ."

मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मनातलं बोललं होतं, आणि माझ्यावर आळही घेतला नव्हता.

मास्तर माणूस हेकट, पण मनाने वाईट नव्हते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी झाकणवाले कागदी कप आणले आणि छाती काढून सगळ्यांना वाटले. "घ्या. कागद आहे, प्लॅस्टिकचं नाव नाही." आम्ही बाटल्या एका कोपऱ्यात पडलो. मी हुश्श केलं.

नर्सबाई कोट घालून बघायला आल्या तेव्हा मास्तरांनी कप अभिमानाने पुढे केला. बाईंनी तो रिकामा करून पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला, कोट घालून पाहिला, बाही जरा सैल करायला सांगितली, आणि मग भिजलेला कप बाहेर काढून नखाने खरवडू लागल्या. कागदाचा लगदा सुटत गेला आणि हातात एक पातळ, पारदर्शक पापुद्रा राहिला, अगदी कपाच्या आकाराचा. त्यांनी तो मास्तरांच्या डोळ्यांसमोर धरला.

मास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "आयला! म्हणजे कागदाला आतून अस्तर?"

"अस्तरच. नाहीतर कागदात चहा थांबेल कसा?"

"आणि थंड सरबताचे ते पत्र्याचे डबे?" काजवालीने विचारलं.

"त्यांनाही आतून अस्तर असतं, लेपासारखं."

"मग आम्ही काय ओंजळीने प्यायचं?" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. नर्सबाईही हसल्या.

"काच वापरा, नाहीतर स्टील. त्यांना अस्तर लागत नाही. घरी आहे ना सगळ्यांच्या?"

काच मास्तरांना नको होती, फुटली तर कापडात काचा जातील म्हणून. स्टीलची मात्र गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली. शिंप्याला अस्तराची भाषा कळते. त्या आठवड्यात एकेक जण घरातून झाकणाची स्टीलची बाटली घेऊन आला. कुणाची नवी, कुणाची मुलांच्या शाळेची पोचे आलेली. रिळांवरून नवे दोरे कापले गेले, नव्या गळ्यांत बांधले गेले आणि तेरा जुन्या बाटल्या पोत्यात भरून निघाल्या. मी त्यांच्यामागे निघायला अगदी तयार होते.

"ही राहू दे," कॉलरवाली म्हणाली. "बाबांची आहे."

"अगं, पण नर्सबाई म्हणाल्या ना?" काजवालीने तिला अडवून पाहिलं.

"चहासाठी आणलीय मी स्टीलची. हिच्यात फक्त पाणी ठेवेन, साधं. गरम नाही घालणार."

आणि तिने शब्द पाळला बरं का. गरम काही घातलं नाही. पण पाणी भरून मला ठेवायची ती खिडकीत, मशीनसमोर, जिथे दुपारभर ऊन यायचं. गरम नको एवढं तिच्या लक्षात राहिलं, ऊनही गरमच असतं हे राहून गेलं. प्रेमाने माणसाची अशी गंमत होते. तेरा जण सुटले आणि ज्या एकीसाठी सगळं झालं तिच्याच उशाशी मी उरले. मी रोज तिच्या हातात जात होते आणि मनात म्हणत होते, पोरी, सोड मला. तुझ्या बाबांनी स्वतःची बाटली त्याच दुपारी टाकून दिली होती, तू पाहिलं होतंस ना?

सातव्या महिन्यात तिचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी कामावर जायचं नाही, पडून राहायचं, असं सांगितलं. तिचा नवरा सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा तो संध्याकाळी परतायचा, त्यामुळे दिवसभर घरात ती आणि सासूबाई. सासूबाई तोंडाने फटकळ, पण सुनेच्या पायांवरची सूज दिवसातून दहादा दाबून बघायच्या आणि मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायच्या. दोनदा त्यांनीही झोळी बांधायची जागा मनात ठरवून ठेवली होती. घरात कुणी बाळाबद्दल बोलत नव्हतं. भीतीच तेवढी होती, ताटात, अंथरुणात, कॅलेंडरवर.

सून पाणी कमी पिते असं सासूबाईंच्या लक्षात आलं. मग त्यांनी युक्ती केली. "बाबांच्या बाटलीतून दिलं की पिते हो," असं शेजारणीला सांगत त्या मला सकाळ-दुपार-संध्याकाळ भरू लागल्या. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. सुनेला वाटलं, साधं पाणी आहे, त्यात काय सांगायचं.

त्या दुपारी कॉलरवालीचा घसा धरला होता. सासूबाईंनी पातेल्यात पाणी ठेवलं, चांगलं खळखळून उकळू दिलं. म्हणाल्या, "थांब, तुझ्या आवडत्या बाटलीत देते, उशाशी ठेव, घोट घोट घे." आणि पातेलं माझ्या तोंडावर वाकलं.

मी तुम्हाला सुरुवातीला सांगितलं होतं, माझं अंग ताणून फुगवलेलं आहे. उकळतं पाणी पोटात पडताच तो ताण सुटला. मी मुद्दाम केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खोटं कशाला बोलू? ते माझ्या हातातलं नव्हतं. मी आखडले, कमरेत वाकले, एक कूस आत ओढली गेली आणि मावेना ते पाणी भसकन वर आलं. सासूबाईंच्या हातावर सांडलं. त्या किंचाळल्या, मी ओट्यावरून खाली पडले आणि गडगडत दारापाशी गेले.

कॉलरवाली भिंत धरत बाहेर आली. आधी तिने सासूबाईंचा हात नळाखाली धरला, बराच वेळ धरला. मग ती खाली बसली, एवढं पोट घेऊन, आणि मला उचललं. मी गरम होते, वेडीवाकडी होते, उभी राहत नव्हते. तिने मला ओट्यावर उभं करून पाहिलं, एकदा, दोनदा. मी पडत राहिले. ती रडायला लागली.

"अगं, बाटलीसाठी काय रडतेस? दुसरी आणू, दहा आणू," सासूबाई म्हणाल्या.

"दुसरी नको. बाबांनी दिली होती." आणि मग रडता रडता तिने सगळं सांगितलं, नर्सबाई काय म्हणाल्या ते, कागदी कपाचं अस्तर, कारखान्यातल्या बाटल्या, सगळं.

सासूबाई ओल्या हाताने तशाच उभ्या राहिल्या. चेहरा रागाने लाल झाला, मग पांढरा पडला. "आणि हे मला आज सांगतेस? पंधरा दिवस मी हिच्यात भरभरून तुला पाजतेय, कौतुकाने! आज उकळतं घातलं! अगं, माझ्या हातून काही झालं असतं तर मी तोंड कुठे लपवलं असतं?"

"मला टाकवत नव्हती हो," ती म्हणाली. "बाबांचं दुसरं माझ्याजवळ काहीच नाही."

  मग सासूबाई तिच्यापाशी जमिनीवर बसल्या, भाजलेला हात मांडीवर ठेवून.

"एक सांग मला. तुझ्या बाबांनी स्वतःच्या हाताने काय केलं होतं? बाटली तर दुकानात भरलेली होती, ती कुणालाही मिळते."

कॉलरवालीने डोळे पुसले. "दोरा बांधला होता."

"मग दोरा ठेव की गं."

इतकं साधं होतं ते. तीन वर्षं मला ते ओरडून सांगायचं होतं. माझ्यात त्या माणसाचं असं काही असेल तर ते गळ्याभोवतीचे तीन वेढे आणि एक गाठ. बाकी सगळी मी, यंत्रातून आलेली.

तिला दोरा कापायचा नव्हता. सासूबाईंनी कात्री पुढे केली तर तिने मान हलवली. सुई घेऊन ती खाटेवर बसली आणि गाठ सोडवू लागली. तीन वर्षांची गाठ, चहाने, पाण्याने, घामाने दगड झालेली. दुपार सरत आली तरी ती सुटेना. सासूबाई मध्ये मध्ये येऊन बघत होत्या. शेवटी सुईचं टोक आत शिरलं, एक वेढा हलला आणि दोरा मोकळा झाला. बाहेरून तो विटला होता. आतल्या बाजूने, जिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथे अजून हिरवागार होता. तिने तो बोटावर गुंडाळून बराच वेळ धरला. मग स्टीलच्या बाटलीच्या गळ्यात बांधला, बोटांची तीच चलाखी करून तीच गाठ मारली. वडिलांनी लहानपणीच शिकवली असणार.

माझा गळा मोकळा झाला. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

त्या संध्याकाळी मला या पोत्यात टाकलं आणि पोतं दाराजवळच्या कोपऱ्यात ठेवलं. त्यानंतर सगळे मला विसरले. माणसं अशीच असतात. ठेवायला विसरतात, टाकायलाही विसरतात. मी आपली वर्तमानपत्रांच्या वासात पडून होते. पावलं ऐकायची. डॉक्टरांकडे जाणारी, येणारी. एका पहाटे बरीच पावलं घाईने बाहेर गेली आणि घर रिकामं झालं. तीन दिवस दाराला कुलूप होतं. त्या तीन दिवसांत मला काय काय वाटलं ते सांगत बसत नाही. एवढ्या वर्षांत जेवढं थकले नव्हते, तेवढी त्या तीन दिवसांत थकले.

चौथ्या दिवशी कुलूप निघालं. आधी सासूबाईंचा आवाज आला, "सावकाश, उंबरा आहे." आणि मग एक रडणं. काय चिडकं, ठणठणीत रडणं होतं ते! सगळ्या जगावर खटला भरल्यासारखं. मुलगी झाली होती. पोत्यात उलटी पडलेली मी, मला रडता येत नाही, नाहीतर मीही रडले असते.

आज ती सात महिन्यांची आहे. रांगत दारापर्यंत येते. तिची आई पुढच्या आठवड्यापासून पुन्हा कामावर जाणार आहे, काजवाली काल येऊन सांगून गेली की खुर्ची पुढे ओढून ठेवली आहे. मघाशी पोत्याच्या फटीतून मी पाहिलं. जमिनीवर स्टीलची बाटली होती आणि ती पोर तिच्या गळ्यातला दोरा मुठीत धरून ओढत होती.

"ओढू नकोस गं, आजोबांचा आहे तो," तिची आई म्हणाली आणि पेल्यातलं पाणी तिच्या ओठांना लावलं. पोर प्यायली, ठसकली, हसली.

भंगारवाला आज येणार आहे, सासूबाईंनी सकाळीच त्याला आवाज दिला आहे. मी निघाले आता. जाताना एकच विनंती करते, आणि ती माझ्यासाठी नाही. तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल, खिडकीत, गाडीत, उशाशी. कुणाची तरी आठवण म्हणून ठेवलेली असेल, नाहीतर अजून चांगली आहे म्हणून. तिला हातात घेऊन एकदा बघा. धुरकट झाली असेल, आतून खरवडली असेल, दमली असेल. तिच्यात ज्याचं जे असेल ते सोडवून घ्या आणि तिला जाऊ द्या.

बाहेर आरोळी ऐकू येतेय. पोतं उचलताना जरा सांभाळून, वर्तमानपत्रं जड आहेत. मी नाही, मी अगदी रिकामी आहे. आता मला कुणी भरू नका.